प्रसूती विभागात दिलेला जबाब

"बाळाचे ठोके लागत नाहीयेत," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र माझ्या पोटावरून आणखी दोनदा फिरवलं, स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि मग माझ्याकडे बघितलं. "वार सुटलीय. ॲब्रप्शन झालंय."

ॲब्रप्शिओ प्लॅसेंटी हे त्याचं पूर्ण नाव मला नंतर पाठ झालं. बाळाला पोसणारी वार बाळ जन्मल्यावर सुटायची असते. बाळ पोटात असतानाच ती गर्भपिशवीपासून सुटली, तर त्याला ॲब्रप्शन म्हणतात. बाळाचा श्वास तुटतो आणि वारेमागं रक्त साठत जातं. कधी ते बाहेर येतं, कधी आतच राहतं. माझं दोन्हीकडून चाललं होतं. साडी, चादर, स्ट्रेचरची गादी, सगळं भिजलं होतं आणि पोट फळीसारखं कडक झालं होतं. मला आठवा महिना चालू होता.

"मार कशानं लागला?" मॅडमनी विचारलं.

माझ्या उशाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनीच उत्तर दिलं. "चुलत दिरानं लाथ घातली हो मॅडम. भगवाननं. बराबर लिहून घ्या तुम्ही."

खरं काय ते मला माहीत होतं.

माझं नाव उषा. माहेर भोकरदनजवळचं, सासर परतूर तालुक्यात, आष्टीच्या बाजूला. घरी ब्लाउज शिवते. कार्तिकी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याचं नाव मी कधी तोंडानं घेत नव्हते. आता घेते. दत्ता.

आमचं आणि भगवानभाऊंचं शेत लागून आहे, एकाच आज्याची जमीन. त्या दिवशी सकाळी भगवानभाऊंनी सपाटीकरणाला जेसीबी लावला. मधला बांध हातभर आमच्याकडं सरकवला, असं आमच्या घरच्यांचं म्हणणं होतं. याच बांधावरून कितीतरी वर्षं शिवीगाळ चालली होती. त्या दिवशी दत्ता काठी घेऊन निघाला. आत्याबाई मला म्हणाल्या, "जाय, तू जाय पळत. तुझं पोट बघून तरी थांबतीन दोघं."

मी गेले. मलाही वाटलं होतं, थांबतील.

मी पोचले तोवर भगवानभाऊंचं डोकं फुटलं होतं. एका डोळ्यावर रक्त उतरलं होतं आणि हातात फावडं होतं. जेसीबीवाला मशीन चालू ठेवूनच पळाला होता. त्या घरघरीत कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. मी भगवानभाऊंचा फावड्याचा हात धरला. तेवढ्यात दत्तानं काठी आडवी फिरवली. भगवानभाऊ मागं सरले. मला सरकता आलं नाही.

काठी माझ्या पोटावर बसली. भरल्या पोत्यावर मारल्यासारखा आवाज झाला, तो मी ऐकला. दत्तानं पाहिलं. भगवानभाऊंनी पाहिलं. त्या क्षणी तिथं चौथं कुणी नव्हतं.

मग दोन्ही घरची माणसं धावत आली आणि एकमेकांवर तुटून पडली. मी सरीत बसले होते. मांड्यांवरून गरम काहीतरी वाहत होतं. माझ्या अंगावरून एक जण उडी मारून गेला, त्याचा बूट माझ्या खांद्याला लागला. मी कुणाची कोण, हे त्या वेळी कुणालाच दिसत नव्हतं. शेजारच्या शेतातल्या बायकांनी मला उचललं.

आष्टीच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि १०८ च्या गाडीनं जालन्याकडं पाठवलं. दीडेक तासाचा रस्ता. आपल्या जिल्ह्यातल्या शिकाऊ डॉक्टरांच्या मोठ्या हॉस्पिटलात, प्रसूती आणि स्त्रीरोग विभागात मी पोचले ती अशी.

ठोके लागत नाहीत हे कळल्यावर मी रडले असेन, असं लोकांना वाटतं. मी रडले नाही. मला फक्त थंडी वाजत होती. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी माझं रक्त काचेच्या नळीत घेऊन, नळी मुठीत धरून घड्याळाकडं बघत उभी होती. सात-आठ मिनिटांनी तिनं नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

"मॅडम, गोठत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला.

याला डीआयसी म्हणतात. रक्त गोठवण्यासाठी शरीराजवळ जे काही असतं, ते सगळं आतल्या रक्तस्रावात संपून जातं. मग सुई टोचलेल्या जागेतूनही रक्त थांबत नाही. माझ्या दोन्ही हातांच्या पट्ट्या लाल झाल्या होत्या. हिरड्यांतून रक्त येऊन तोंडाला लोखंडाची चव आली होती.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "उषा, ऐक. लगेच ऑपरेशन करावं लागेल. पिशवी वाचवायचा पूर्ण प्रयत्न करीन. रक्त नाहीच थांबलं तर काढीन. त्याला हिस्टरेक्टॉमी म्हणतात. मग पुन्हा मूल होणार नाही."

आत्याबाई मधे पडल्या. "पिशवी काढायची न्हाई. बिलकुल न्हाई. दत्ताला येऊ द्या, मंग सही."

दत्ता तेव्हा पोलीस स्टेशनात होता. भगवाननं बायकोच्या पोटात लाथ घातली, अशी तक्रार देत होता.

"पेशंट शुद्धीवर आहे," मॅडम म्हणाल्या. "तिची सही पुरते." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. माझी बोटं पेनवरून घसरत होती. सही तिरपी आली, पण माझी आली.

भूल द्यायच्या आधी मला बाहेर काच फुटल्याचा आवाज आला. मला वाटलं, डोक्यात होतंय. पण ते खरं होतं. भगवानभाऊंना टाके घालायला त्याच हॉस्पिटलात आणलं होतं. मागोमाग आमच्या घरची माणसं जीप भरून आली. खाली अपघात विभागात दोन्हीकडचे भिडले. लोखंडी स्टूल उडाले. अडवायला आलेल्या गार्डचा हात मोडला. मग कुणीतरी ओरडलं, "ती वर हाय, आधी तिचा जबाब घ्या!" आणि सगळा लोंढा जिन्यावरून लेबर रूमकडं निघाला.

पुढचं मला सिस्टरांनी सांगितलं. वॉर्डातल्या बाळंतिणी तान्ही लेकरं घेऊन खाटांखाली शिरल्या. एका बाईच्या पायात काच घुसली. लेबर रूमच्या दारावर लाथा बसायला लागल्या. चार विद्यार्थ्यांनी औषधांचं कपाट ढकलत आणून दाराला लावलं आणि पाठी टेकवून उभे राहिले. आतल्या ऑपरेशन टेबलावर माझं पोट उघडं होतं. गर्भपिशवी निळी-काळी पडली होती, आतल्या आत रक्त मुरून. टाके टिकत नव्हते. दारावरच्या दणक्यांनी ट्रेमधली हत्यारं वाजत होती. मॅडमनी एकदाही मान वर केली नाही, असं सिस्टर म्हणाल्या. फक्त एकदा म्हणाल्या, "दार तुम्ही बघा. पोट मी बघते."

मला अकरा बाटल्या रक्त लागलं. घरच्यांपैकी एकानंही दिलं नाही, ते खाली भांडत होते. रक्तपेढीत माझ्या गटाचं संपलं तेव्हा दोन शिकाऊ डॉक्टरांनी दिलं. त्यातला एक पाठ टेकवून दार धरणारा होता. पोलीस आले, जिना मोकळा झाला आणि तो तसाच खाली रक्त द्यायला गेला.

मी जागी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. नाकात नळी, हाताला नळी, पोटाला नळी. आई शेजारी बसली होती. भोकरदनहून मिळेल त्या एसटीनं आली होती. तिनं काही लपवलं नाही.

"पोरगा होता," ती म्हणाली. "गेला. पिशवी पण गेली. तू हायेस."

तो तीन-चार तास तरी बाळ म्हणून कुणाच्या हातात असायला हवा होता. पण ही मारामारीची केस होती. त्याला शवविच्छेदनाला नेलं. आईनं त्याला एकदाच पाहिलं, फडक्यात गुंडाळलेलं. डाव्या खांद्यावर काळानिळा डाग होता, म्हणाली. मी त्याला पाहिलं नाही.

त्या दिवसांबद्दल मी खोटं लिहिणार नाही. मला शांतता, भक्ती वगैरे काही वाटलं नाही. मला माणसं मारावीशी वाटत होती. सलाईनचा स्टँड उचलून दत्ताच्या डोक्यात घालावा, भगवानभाऊंना जेसीबीखाली घालावं, तो बांध पेटवून द्यावा. हे सगळं मी खाटेवर पडल्या पडल्या रोज करत होते. सिस्टर इंजेक्शन द्यायला आल्या की मी दात आवळून घ्यायची. एकदा त्यांच्या मनगटाला चावले. त्यांनी हात मागं घेतला नाही. "चाव," म्हणाल्या, "मला हाये सवय."

तिसऱ्या दिवशी दूध आलं. याची कल्पना मला कुणीच दिली नव्हती. बाळ गेलंय हे छातीला कळत नाही. दोन्हीकडं दगड झाले, गाऊन भिजला आणि पलीकडच्या खाटेवरचं तान्हं रडलं की माझ्या छातीत कळा यायच्या. दूध बंद करायची गोळी असते, ती मागून घ्यावी. मला ती द्यायला आणि कोबीची गार पानं बांधायला, मी चावले होते त्या शांता सिस्टरच आल्या.

शांता सिस्टर त्या विभागातल्या सगळ्यात जुन्या. वर्षभरात त्या रिटायर होणार होत्या. मला झोप लागत नाही हे पाहून त्या दुपारी स्टूल घेऊन बसायच्या आणि विभागाच्या गोष्टी सांगायच्या. सुरुवातीला ही इमारत नव्हती, म्हणाल्या. मागं पत्र्याची शेड होती. सहा खाटा, बाळंतपणाचं एक टेबल, हत्यारं उकळायला स्टोव्ह. बायका ट्रॅक्टरमधून यायच्या, त्याही अगदी शेवटाला. पहिल्या विभागप्रमुख बाई दारातच खुर्ची टाकून बसायच्या. येईल तिच्या नाडीला आधी हात, नाव नंतर. रक्तपेढी नव्हती, तेव्हा रक्त द्यायला विद्यार्थ्यांना रांगेत उभं करायचे. पुढं इमारत आली, वर्ग वाढले, एकेका खाटेभोवती दहा-दहा मुलं शिकायला उभी राहायला लागली. कितीतरी बायका लाजेनं तोंडावर पदर घ्यायच्या, तेव्हा त्या पहिल्या बाईंनी मुलांना आधी परवानगी मागायला शिकवलं.

"आन् हे दार?" मी विचारलं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी टिकलं ते दार लोखंडी होतं.

"आधी लाकडाचं होतं," सिस्टर म्हणाल्या. "एक बाई बाळंतपणात गेल्ती. नातेवाइकांनी तोडलं. माझ्या बरगडीला मार लागल्ता. मंग लोखंडाचं आलं."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशीच एक बाई आली होती, पोट कडक, रक्तस्राव. सासू उशाशी उभी. "पायरीवरून पडली," सासू म्हणाली. ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं तेच लिहिलं. बाईच्या पाठीवर वळ होते. सिस्टरांनी पाहिले होते, डॉक्टर मुलीनंही पाहिले होते. पण दहा बायका रांगेत होत्या आणि बाईनं स्वतः काही सांगितलं नव्हतं. बाई वाचली, घरी गेली. दोन महिन्यांनी तिला परत आणली ती मेलेलीच.

"दर सोमवारी इथं सगळे डॉक्टर बसत्यात," सिस्टर म्हणाल्या. "कुणी बाई गेली असंल तर कुठं चुकलं त्येच्यावर बोलत्यात. त्या सोमवारी ती शिकाऊ मुलगी उभी राह्यली आन् म्हणली, मी विचारलं न्हाई. एकटीला घेऊन विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं न्हाई. तवापासून हितला नियम हाये. मार लागलेल्या बाईला एकदा तरी एकटीला विचारायचं. नातेवाईक बाहेर, मंग कुणी का असंना."

"त्या डॉक्टर मुलीचं काय झालं?"

"काय व्हायचं? तीच तर तुझं पोट शिवून राह्यली व्हती ना."

मॅडम. आताच्या विभागप्रमुख.

चौथ्या दिवशी दत्ता आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. मला वाटलं, आता रडेल, पाया पडेल, काहीतरी करेल. तो इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "उद्या पोलीस येतीन जबाबाला. आई म्हणती तसं सांग. न्हाई तर मी आत जातो."

"बाळ बघितलंस का?" मी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्याला एकेरी बोलले.

"न्हाई."

"का?"

तो वळून निघून गेला.

भगवानभाऊ तेव्हा डोक्याला टाके घेऊन कोठडीत होते. माझ्या मनात त्यांच्याबद्दल माया नव्हती. बांध त्यांनी सरकवला होताच. फावडं त्यांनीही उगारलं होतं. गप्प बसायला मला एवढं पुरेसं होतं. आणि दत्ता आत गेला तर कार्तिकीचं काय, माझं काय, हेही होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी काय सांगू? तुझ्या पोटावर झालंय, तूच सांग."

पाचव्या दिवशी पोलीस आले तेव्हा आत्याबाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मॅडमनी मला तपासलं, जबाब द्यायला मी शुद्धीत आहे असं कागदावर लिहिलं आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

"मी सासू हाये तिची," आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या.

पडदा ओढला गेला. महिला पोलीस वही उघडून बसली. मॅडमनी मला फक्त एवढंच सांगितलं, "तू काय सांगावंस हे मी सांगणार नाही. इथं तुझ्यावर कुणाचा डोळा नाही, एवढंच."

मी सांगितलं. भगवानभाऊंनी लाथ घातली नाही. काठी माझ्या नवऱ्याची. मारायची होती त्यांना, लागली मला. फटका बसल्यावर त्यानं मला उचललं नाही. नंतर खोटी तक्रार दिली. सांगताना टाके ओढत होते आणि घाम फुटला होता. महिला पोलिसानं दोनदा विचारलं, "नक्की?" दोन्ही वेळा मी हो म्हणाले.

बाहेर कसं कळलं ते माहीत नाही. पडदा फाडल्यासारखा बाजूला झाला आणि आत्याबाई माझ्या अंगावर आल्या. त्यांनी माझ्या कानशिलात मारली, मग केस धरले. "माझ्या लेकाला खाल्लं गं हिनं! नातू खाल्ला, आता लेक खाती!" पोटावरच्या टाक्यांतून रक्त आलं. आईनं त्यांना ढकललं, त्या पलीकडच्या खाटेवर आपटल्या. तिथली बाळंतीण किंचाळली. शांता सिस्टरनी आत्याबाईंना दोन्ही हातांनी कवेत घट्ट धरलं आणि तशाच धरून बाहेर नेलं. जाताना त्या त्यांना म्हणत होत्या, "रडा, मावशी, बाहेर येऊन रडा. हिला हात लावू नका."

मग मात्र मी रडले. पाच दिवसांचं सगळं तेव्हाच आलं.

दत्ताला अटक झाली. भगवानभाऊंवर मारामारीची केस राहिली, पण माझ्या बाळाची नाही. अकराव्या दिवशी मला सुट्टी मिळाली. मी आष्टीला गेले नाही. आई मला भोकरदनला घेऊन गेली आणि कार्तिकीला तिच्या मामानं सासरहून तिकडं आणून सोडलं.

दीड महिन्यानं तपासणीला गेले तेव्हा मॅडमनी विचारलं, विद्यार्थ्यांशी बोलशील का. वर्गात साठेक मुलंमुली होती. मला नीट बोलता आलं नाही. पण एवढं सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. दिवस गेलेले असताना पोटाला मार लागला, मग तो काठीचा असो, गाडीचा असो की पडल्याचा, तर रक्त दिसेपर्यंत थांबू नका. पोट कडक झालं, बाळ हलेनासं झालं, तर जिथं ऑपरेशन आणि रक्त दोन्ही आहे तिथं जल्दी जा. शुद्धीत असाल तर सही तुमचीच चालते. आणि मार कुणी दिला हे सांगायला एकटं राहायचं असेल, तर तसं सिस्टरला म्हणा. लाजू नका.

शेवटी एक मुलगी उठली. नळी धरून उभी होती तीच. "ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी घाबरले होते."

"मी पण," मी म्हणाले. मग तिनं येऊन माझा हात धरला. त्या मुलांचं, सिस्टरांचं, मॅडमचं मी काय देणं लागते ते मला सांगता येत नाही. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं, रक्त दिलं आणि मला काहीही शिकवायला आले नाहीत.

दत्ता जामिनावर सुटला. चार महिन्यांनी एका रविवारी भोकरदनला आला. आईनं त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला. तो वाळला होता. माझ्याकडं बघत नव्हता. कार्तिकी मात्र पळत येऊन त्याच्या मांडीवर बसली, त्याच्या शर्टाच्या बटनांशी खेळत राहिली. आत्याबाई फोनवर तिला काय काय सांगायच्या, ते मला तिच्या पुढच्या प्रश्नावरून कळलं.

"पप्पा," ती म्हणाली, "भगवानकाकानं आपल्या बाळाला मारलं ना?"

आई चुलीपुढं थबकली. मी दारात उभी होते. माझ्या तोंडात शब्द आला होता, तो मी गिळला. हे मी सांगायचं नव्हतं.

दत्तानं कप खाली ठेवला.

"न्हाई, बाई," तो म्हणाला. "काकानं न्हाई. माझी काठी लागली."

कार्तिकीनं त्याच्याकडं बघितलं, त्याच्या हातांकडं बघितलं. मग हळूच मांडीवरून उतरली आणि माझ्या मागं येऊन, माझा पदर धरून उभी राहिली. त्यानं तिला हाक मारली नाही. मीही तिला परत जा म्हणाले नाही. त्याला उठून जा असंही म्हणाले नाही.